तिसरं आर्ग्युमेंट

सीमध्ये स्ट्रिंगचे तुकडे पाडायची वेळ आली की सगळ्यांना पहिल्यांदा भेटतं ते स्ट्रटोक. त्याला वाक्य द्या, कुठे तोडायचं ती चिन्हं द्या, ते एकेक शब्द काढून हातात देतं. त्याचा एक धाकटा भाऊ आहे, डब्ल्यूसीएसटोक. हा वाइड कॅरेक्टरवाल्या स्ट्रिंग तोडतो. थोरल्याला दोन आर्ग्युमेंट्स लागतात, धाकट्याला तीन. आता तुम्ही म्हणाल, एका आर्ग्युमेंटचा कसला आलाय इतिहास? आहे की!

१९८९ साली अमेरिकेत सीचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं. त्यात स्ट्रटोक होतं. त्याची पद्धत साधी. चिन्ह सापडलं की तिथे शून्य लिहायचं आणि पुढे कुठून सुरू करायचं ती जागा स्वतःच्या पोटात लपवून ठेवायची. पुस्तकात खूण घालून ठेवावी तसं. पण खूण एकच! बाहेरच्या लूपमध्ये ओळी आणि आतल्या लूपमध्ये शब्द तोडायला गेलात, की आतली खूण बाहेरची खूण पुसून टाकते. दोन थ्रेड्स एकदम आले तर विचारूच नका.

दुसरी अडचण पूर्वेकडची. स्ट्रटोक बाइट मोजतं, अक्षर नाही. जपानमधल्या शिफ्ट-जेआयएस पद्धतीत बरीच अक्षरं दोन बाइटांची असतात, आणि दुसरा बाइट कधीकधी नेमका बॅकस्लॅशच्याच किमतीचा निघतो. कोष्टक, तक्ता अशा अर्थाचं नेहमीच्या वापरातलं 表 हे अक्षर त्यातलंच. फाइलचा पाथ बॅकस्लॅशवर तोडला की हे अक्षर मधोमध चिरलं जाणार. चूक लिहिणाऱ्याची नाही, आणि वाचणाऱ्याची तर नाहीच.

यावर उपाय म्हणून अक्षरालाच एक रुंद डबा द्यायचा, असं ठरलं. हा डबा, म्हणजे डब्ल्यूचार-टी, १९८९ च्या स्टँडर्डमध्ये होता, पण त्याच्यासोबतची फंक्शन्स मोजकीच होती. १९९५ च्या दुरुस्तीत नवी हेडर फाइल आली आणि तिच्यात डब्ल्यूसीएसटोक आलं. कमिटीने इथे संधी साधली. थोरल्याची जुनी खोड धाकट्याला लागू दिली नाही. खूण फंक्शनच्या पोटात नाही, ती वापरणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. हेच ते तिसरं आर्ग्युमेंट. त्याच वर्षी पोझिक्सच्या थ्रेड्सच्या स्टँडर्डने स्ट्रटोक-आर दिलं, तेही तीन आर्ग्युमेंट्सचं.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूसीएसटोक दोनच आर्ग्युमेंट्सचं राहिलं, आणि ते थेट व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पर्यंत. म्हणजे वीस वर्षं! लिनक्सवर कंपाइल होणारा कोड विंडोजवर अडायचा आणि तिथला इथे. शिवाय डब्याचं मापही वेगळं: विंडोजवर १६ बिट, लिनक्सवर ३२. १९९१ साली युनिकोड आलं तेव्हा १६ बिटांत सगळं जग मावेल असं वाटलं होतं. १९९६ च्या युनिकोड २.० ने ती समजूत सोडली. त्यामुळे विंडोजवर एका इमोजीला दोन डबे लागतात. अशा इमोजीवर स्ट्रिंग तोडायला सांगितलं तर त्याचा अर्धा भाग भलत्याच इमोजीशी जुळतो आणि तेही तुटतात.

आता आपल्या घरचं बघू. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्यापासून आहे, तरी डबा म्हणजे अक्षर असं आपल्याकडे नाहीच. 'क्षी' मध्ये चार डबे आहेत. 'दऱ्या' लिहायची एक जुनी रीत अशी: द, र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य आणि काना. कुणी ते अदृश्य चिन्ह फालतू समजून गाळलं, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रातला दर्या होतो. आणि तोडायच्या चिन्हांच्या यादीत टाकलं, तर डब्ल्यूसीएसटोक निमूटपणे 'दर्' आणि 'या' असे दोन तुकडे हातात ठेवतं. कंपायलर खूश, एररही नाही. फक्त शब्द मेला.

तिसऱ्या आर्ग्युमेंटने खूण कुठे ठेवायची हा प्रश्न सोडवला. कुठे तोडायचं, हा प्रश्न ते फंक्शन आपल्यालाच विचारतं, दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये. मराठीसाठी त्याचं उत्तर मराठी वाचता येणाऱ्यानेच लिहायला हवं. नाही का?