विहिरीवरची मोटर आणि ‘खाजगी’ पाणी

अस्पृश्यतेचा इतिहास आपण बहुधा धर्मग्रंथांतून वाचतो. तो विहिरीच्या काठावरूनही वाचता येतो. रहाट, दोर, पोहरा, घागर यांपैकी कशाला कोणाचा हात लागावा याचे नियम होते. विहीर खणताना अस्पृश्याचे श्रम चालत. पाणी लागल्यावर मात्र त्याचा स्पर्श चालत नसे. त्याने घागर दूर ठेवायची आणि कोणी सवर्ण वरून पाणी ओतील याची वाट पाहायची. हाताची ही बंदी सर्वांना माहीत आहे. तिच्यामागे उभी असलेली मालकी मात्र आपण पुरेशी तपासलेली नाही.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. जे स्वतःचे होते ते त्यांनी सर्वांचे केले. महाडात नेमके उलटे घडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी आधी तळे ‘शुद्ध’ केले आणि मग ते कोर्टात गेले. तेथे त्यांचा युक्तिवाद काय होता? तळे सार्वजनिक नाही, ते स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे! धर्माची भाषा अपुरी पडताच मालकीची भाषा पुढे आली. मालकीचा दावा टिकला नाही, अनादी वहिवाटही शाबीत झाली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

महाड ज्या जिल्ह्यात आहे त्याच रायगडात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, खालापूर तालुक्यातील रसायनी आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समुळे हे नाव सर्वदूर गेले. जवळून पाताळगंगा वाहते. १९१५ पासून चाललेल्या खोपोलीच्या वीजघरातून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी तिला मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही आटत नाही. ती वीज प्रथम मुंबईच्या गिरण्यांना गेली. काळ्या पाषाणात खणलेल्या घरगुती विहिरी मात्र पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि वैशाखात तळ गाठतात. अशा उथळ विहिरीवर आता रहाटाऐवजी मोटर बसते.

मोटर समजून घेतली पाहिजे. पंप पाणी ओढतो हा समज अपुरा आहे. फिरणारा पंखा नळीतील दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर असलेला हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेची ही ताकद मर्यादित आहे. हिशेबाने सुमारे १० मीटर, प्रत्यक्षात ६-७ मीटरच. म्हणून काठावर मोटर बसवण्यापूर्वी दोर सोडून पाण्याची खोली मोजावी, आणि ती मे महिन्यात मोजावी. मोटर पक्क्या ओट्यावर, पाण्याच्या शक्य तितक्या जवळ असावी. विहिरीतील नळीच्या टोकाला फूट-व्हॉल्व्ह लावावा, म्हणजे भरलेले पाणी परत खाली जात नाही. पहिल्यांदा पंप व नळी पाण्याने भरावी लागते. सांध्यातून हवा शिरली की पंप ‘एअर घेतो’ आणि पाणी चढत नाही. कोरडा चालवला तर सील जळते. विजेला अर्थिंग हवेच.

या यंत्राने हात आणि पाणी यांच्यामधला पोहरा काढून टाकला. नळीला जात नसते. मग प्रश्न सुटला का? नाही. रहाटावर चार बायका तरी भेटत. मोटरीचे पाणी थेट घरच्या टाकीत जाते आणि विहिरीला कुंपण पडते. आता कोणी ‘शिवू नको’ म्हणत नाही. ‘विहीर खाजगी आहे’ एवढे म्हटले की पुरते. संविधानाचे १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. पण १५(२) कलम ज्या विहिरींविषयी बोलते त्या सरकारी पैशाने राखलेल्या वा सर्वांच्या वापरासाठी दिलेल्या आहेत. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तोही जिथे इतर लोकांना वाट आहे तिथलीच वाट आपल्याला देतो. ज्याच्या दारात विहीर नाही आणि जमीनही नाही, त्याने मोटर कोठे बसवायची?

आणि जमिनीखाली हे खाजगीपण खरे तरी आहे काय? खडकाच्या एकाच भेगेतले पाणी दोन विहिरींत झिरपते. ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे ते आधी जाते आणि शेजाऱ्याची विहीर उघडी पडते. विहीर एकाची असेल, झरा एकाचा नसतो.

म्हणून ज्याला शक्य आहे त्याने घरी मोटर जरूर बसवावी. पाण्यासाठी कोणाच्या दारी उभे न राहणे हाही स्वाभिमान आहे. पण कार्यकर्त्यांनी तेवढ्यावर थांबू नये. वस्तीची विहीर कोणाच्या नावावर आहे, तिची नोंद ग्रामपंचायतीत आहे का, मोटरीचे बिल कोण भरते, हे विचारावे आणि लिहून घ्यावे. महाडची लढाई ओंजळीने सुरू झाली आणि ती कोर्टात मालकीच्या प्रश्नावर लढली गेली. आपणही तो कागद तपासला पाहिजे.