कॉन्टेसा : पाटीवरचे साल आणि बॉनेटखालचे साल

साताऱ्याची एमएच-११ वा सांगलीची एमएच-१० ही पाटी १९८९ नंतरच्या नोंदणीपद्धतीची. जुनी कॉन्टेसा घेऊन नव्याने घडवू पाहणाऱ्यास एवढी खूण पुरत नाही. खरी ओळख इंजिनाची.

हिंदुस्थान मोटर्सने १९८४च्या सुमारास व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या साच्यावर ही गाडी आणली. देह भारदस्त, पण इंजिन अॅम्बॅसेडरचे, १४८९ सीसीचे; खंबाटकी घाटात दमछाक ठरलेली. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा रूपाला साजेसा वेग लाभला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे इंजिन मनमानी बदलता येत नाही. म्हणून वेग हवा असल्यास इसुझूवालीच निवडावी. आरंभीची मात्र मूळ रूपात जपावी. परवानाराजातील उद्योगाची मर्यादा तिच्या बॉनेटखाली आजही वाचता येते.