रागाचा चेहरा आणि इंग्रजी शब्द

ठाणें, बाळकुम, कल्याण, कोठेंही पाहिलें तरी मुलांस इंग्रजी शिकवितांना आपण ‘फ्राउन’ म्हणजे आठ्या घालणें, ‘ग्लेअर’ म्हणजे डोळे वटारून पाहणें, ‘पाउट’ म्हणजे ओंठ पुढें काढून फुरंगटणें, असे अर्थ सांगून मोकळे होतों. ‘स्काउल’पाशीं मात्र आपण अडखळतों. कपाळावरील आठ्या आणि नजरेंतील रोष हीं दोन्ही त्या एका शब्दांत येतात; आपणांस त्यासाठीं अख्खें वाक्य खर्चावें लागतें.

हीच अडचण उलट बाजूनें मोल्सवर्थ साहेबांपुढें होती. कॅंडी बंधूंच्या साह्यानें त्यांनीं सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति झाली. मराठींत राग एकेका अवयवास वांटून दिलेला आहे: आठ्या कपाळास, वटारणें डोळ्यांस, मुरडणें नाकास, आणि चावण्याचें काम दांतओंठांस. हें भांडार साहेबांस पंडितांच्या साह्यानें मिळालें.

पुढें १८६७ सालीं चार्ल्स डार्विन ह्यांनीं चेहऱ्यावरील विकारांविषयीं सोळा प्रश्न छापून देशोदेशींच्या परिचितांकडे धाडले. संतापलेला मनुष्य भुंवया आकसून मुठी वळतो काय, रुसलेलें मूल ओंठ पुढें काढतें काय, असे ते प्रश्न होते. छत्तीस जणांचीं उत्तरें आलीं, व १८७२ सालीं डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आठी ही केवळ रागाची खूण नसून विचारांत अगर कामांत अडचण आली म्हणजेही ती पडते, असें त्यांनीं त्यांत दाखविलें.

उत्तरें देणारांत अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पुष्कळ वर्षें राहिलेले अर्स्किन नांवाचे अधिकारी होते. त्यांनीं कांहीं जाणत्या एतद्देशीय गृहस्थांसही विचारलें. तथापि निश्चित अनुमान काढणें त्यांस फार कठीण गेलें. कारण युरोपियनांसमोर येथील लोक आपले मनोविकार झांकून ठेवीत, आणि डार्विननें तसें ग्रंथांत नमूदही केलें.

आमच्या मतें त्या ग्रंथांतील आपल्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा पुरावा हाच होय. ज्याच्या हातीं सारा, नोकरी व शिक्षा, त्याच्यापुढें कपाळास आठी घालणें परवडणारें नव्हतें. शब्द विचारले तेव्हां ते मिळाले. चेहरा पाहूं गेले तेव्हां तो मिटला. पण मिटलेला चेहरा म्हणजे शांत मन नव्हे. ग्रंथ निघाल्यावर तीनच वर्षांनीं, १८७५ सालीं, पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. तो रोष साहेबांवर नव्हता, सावकारांवर होता; तरी खालमानेनें वावरणाऱ्या माणसांच्या पोटांत काय सांठलेलें असतें, तें त्या ज्वाळांनीं दाखविलें. म्हणून परक्यानें लिहिलेलें आपल्या स्वभावाचें वर्णन वाचतांना, पाहणारा कोण होता, हें आपण आधीं विचारावें.