डाव्या पायाला टेकू

मोटार चालवताना डाव्या पायाने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

१९०८ सालच्या फोर्ड ‘मॉडेल टी’त डावे पेडल पूर्ण दाबले की कमी वेगाचा गिअर पडे, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडले की वरचा. लांब चढावर पाय दाबूनच धरावा लागे. १९१६ च्या कॅडिलॅक ‘टाइप ५३’मध्ये क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा आजचा क्रम आला. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक गिअरपेटी घेतली की क्लचचे पेडलच नसे. क्लचच्या गाडीत मात्र रिकामा पाय सवयीने क्लचवरच विसावतो.

पेडल म्हणजे तरफ. पायाचा थोडासा भारही ती वाढवून पोचवते. क्लचची पकड सैल पडते, तबकडी घसरते, तापते, झिजते. म्हणून शेजारी पाय टेकायला तिरपी पट्टी हवी. वळणावर तिच्यावर पाय रोवून शरीर सावरताही येते.

पट्टी नसेल तर आपण घरीच प्लायवुडचा तिरपा ठोकळा रबर लावून बसवू शकतो. मात्र क्लच दाबताना पाय अडता कामा नये. भोक पाडण्याआधी खालच्या तारा, नळ्या पाहाव्यात. ठोकळा बोल्टने पक्का आवळावा. सुटून ब्रेकखाली गेला तर जिवावर बेतेल.

वर्गात विचारून पाहा: या तरफेचा टेकू कुठे, भार कुठे?