फोर्ट स्टिकीन आणि कापसाच्या गाठी

नंदुरबार, शहादा भागातील जिनिंग-प्रेसिंगच्या कामाची माहिती असलेल्या कोणालाही विचारा, कापसाला लागलेली आग 'विझली' असे तो लवकर म्हणणार नाही. वरची ज्वाळा पाण्याने मरते, पण ढिगाच्या आत आग धुमसत राहते. याचे कारण कापसाच्या रचनेत आहे. तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा अडकलेली असते, त्यामुळे आतल्या ठिणगीला प्राणवायू मिळत राहतो. शिवाय कच्च्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. तो पाण्याला आत शिरू देत नाही. वर्गात हे दाखवणे अगदी सोपे आहे. बोंडातून काढलेल्या कापसाची सरकी वेगळी करा आणि तो कापूस पाण्यावर टाका. शेजारी औषधाच्या दुकानातला शुभ्र कापूस टाका. दुसरा काही क्षणांत भिजून बुडतो, कारण त्यावरचे मेण धुऊन काढलेले असते. पहिला बराच वेळ तरंगत राहतो.

या साध्या गुणधर्मामुळे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत शेकडो माणसे मेली. मात्र दोष कापसाचा नव्हता. तो कापूस त्या जागी का ठेवला गेला, हे समजण्यासाठी ज्या जहाजात तो होता त्या जातीच्या जहाजांची जन्मकथा पाहावी लागते.

१९४० मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे नव्या बांधणीच्या वेगापेक्षा अधिक वेगाने बुडवीत होत्या. ब्रिटनच्या गोद्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्या वर्षी एक शिष्टमंडळ अमेरिकेला गेले. त्याने सोबत संडरलंड येथील थॉम्पसन कंपनीचा एक साधा आराखडा नेला होता. जहाजाची लांबी सुमारे १३४ मीटर, मालवहनक्षमता सुमारे १०,००० टन आणि वेग ११ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम २० किलोमीटर. एंजिन तिहेरी प्रसरणाचे, वाफेवर चालणारे आणि २,५०० अश्वशक्तीचे होते. त्या काळीही ते जुनेच समजले जाई. पण टर्बाइन बनवणारे कारखाने नौदलाच्या कामात गुंतले होते आणि हे एंजिन सामान्य कारखान्यालाही जमण्यासारखे होते. या आराखड्याच्या आधारे कॅनडात 'फोर्ट' जातीची जहाजे बांधली गेली, आणि त्यात फेरफार करून अमेरिकेने आपली प्रसिद्ध 'लिबर्टी' जहाजे बांधली.

लिबर्टीची संख्या २,७१० पर्यंत गेली. रिव्हेट ठोकण्याऐवजी पत्रे वेल्डिंगने जोडल्यामुळे वेळ वाचला. पहिल्या जहाजाला सुमारे आठ महिने लागले होते, पुढे सरासरी दीड महिन्यावर आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये एक जहाज तर प्रचारासाठी पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडण्यात आले. मालाबरोबर सैनिकही या जहाजांतून गेले; काही जहाजांच्या फाळक्यांत, म्हणजे माल भरण्याच्या कोठ्यांत, त्यांच्यासाठी बिछान्यांच्या उतरंडी रचल्या होत्या. थंड समुद्रात काही जहाजांच्या वेल्डिंग केलेल्या सांगाड्याला भेगा पडल्या. हे पोलाद कमी तापमानाला ठिसूळ होते, हे केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले. तो स्वतंत्र लेखाचाच विषय आहे.

या सर्व जहाजांमागे एकच हिशेब होता. दर फेरीत किती टन माल पलीकडे पोचला, एवढेच मोजायचे. एक फेरी पार पडली तरी जहाजाची किंमत वसूल झाली, असे त्या वेळी मानले जाई. रिकामी कोठी म्हणजे वाया गेलेले युद्धसाहित्य. आमच्या मते मुंबईच्या दुर्घटनेचे मूळ निष्काळजीपणाइतकेच या हिशेबातही आहे.

'फोर्ट स्टिकीन' हे ७,१४२ टनांचे जहाज १९४२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रूपर्ट येथे तयार झाले. हडसन्स बे कंपनीच्या एका जुन्या ठाण्याचे नाव त्याला दिले होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता, विमाने होती आणि सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्याही होत्या. कराचीला काही माल उतरला आणि कोठ्यांत जागा झाली. ती रिकामी कशी ठेवायची? तेथे कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, तांदूळ, राळ, मासळीचे खत असा माल भरण्यात आला. कप्तान नाइस्मिथ यांनी या भरणीला हरकत घेतली होती, पण युद्धकाळात ती चालली नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यात तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी रचना झाली.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून जहाजावर तांबडे निशाण लावायला हवे होते, ते लागले नाही. दोन दिवस झाले तरी स्फोटके उतरली नव्हती. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या फाळक्यातून धूर येताना दिसला.

अग्निशामक दलाने ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले. येथे शिक्षकांनी थोडे थांबून विद्यार्थ्यांना विचार करायला लावावे. दाबून बांधलेल्या गाठीचीही घनता पाण्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणजे ती तरंगते. फाळक्यात पाणी चढू लागले की धुमसणाऱ्या गाठी त्याबरोबर वर, छताकडे सरकतात, आणि छताच्या वर काय होते ते आपण पाहिलेच. तंतूंच्या आत पाणी शिरत नाही, पण बाहेरचे पाणी उकळते. जहाजाच्या पोलादी भिंतीवरचा रंग एका जागी फोड येऊन सुटू लागला होता. आग कोठे आहे हे उष्णतेच्या वहनाने बाहेरून दाखवले होते. मात्र तेथपर्यंत पोचण्याची सोय नव्हती.

जहाज गोदीबाहेर ओढून न्यावे, की जागीच बुडवावे, की पाणी मारत राहावे? तिन्ही सूचना पुढे आल्या. लष्करी दारूगोळ्याचा अधिकारी, गोदीचा अधिकारी, अग्निशामक दलाचा प्रमुख आणि कप्तान असे चौघे तेथे होते. पण सर्वांवर चालेल असा हुकूम देणारा कोणी नव्हता. दोन तास असेच गेले. ३.५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा झाला. शेजारचे 'जलपद्म' हे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. हादरे कुलाब्याच्या वेधशाळेतच नव्हे, तर सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या शिमल्याच्या भूकंपमापकावरही उमटले. पेटलेला कापूस मांडवी-मशीद बंदरच्या दाट वस्तीवर पाऊस पडावा तसा पडला आणि तेथील घरे व वखारी पेटल्या. मृतांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितला जातो. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. आग लागल्यावर पळून न जाता ते जहाजावरच काम करीत होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. त्याच दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने शाळांत तो फारसा माहीत नसतो. आदल्या दिवशी तासभर काढता येईल.

सरकारने बातमी दाबली. जगाला ती प्रथम जपानी ताब्यातील सायगाव रेडिओने सांगितली. भारतीय वृत्तपत्रांना तपशील छापायची मुभा मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

आता त्या सोन्याबद्दल. प्रत्येक वीट सुमारे १२.७ किलोची. सोन्याची घनता १९.३, म्हणजे तिचे आकारमान ६६० घनसेंटिमीटर भरते, पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीहूनही लहान. अशी एक वीट गोदीपासून दीडएक किलोमीटरवर, एका निवृत्त पारशी अभियंत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येऊन पडली, आणि त्यांनी ती परत केली. बाकीच्या बहुतेक विटा गोदीच्या चिखलात गेल्या. गाळ उपसताना त्या पुढे कित्येक वर्षे अधूनमधून सापडत राहिल्या.