घरचे पोस्ट (कोकण)

घरचे पोस्ट : गावातल्या एखाद्या कुटुंबाच्या पडवीत, ओटीवर किंवा दुकानात चालणारे आणि बहुधा त्याच घरात एका पिढीकडून दुसरीकडे गेलेले शाखा डाकघर. भारतीय टपाल खात्याच्या दीड लाखाहून अधिक कार्यालयांपैकी सुमारे नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत आणि त्यांत शाखा डाकघरेच बहुसंख्य आहेत. त्यांचा इतिहास सहसा गावाच्या बाजूने सांगितला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरच्या पोस्टांचा इतिहास मात्र लालबाग, परळ आणि गिरगावातून सुरू करावा लागतो, कारण त्यांना काम पुरवले ते मुंबईच्या पगाराने.

गावोगाव स्वतंत्र इमारत आणि पूर्णवेळ नोकर ठेवणे टपाल खात्याला परवडणारे नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून शाळामास्तर, दुकानदार अशा गावात आधीच स्थिरावलेल्या माणसांवर हे काम सोपवले गेले. काम दिवसाचे काही तास, मोबदला तुटपुंजा. उपजीविकेचे दुसरे साधन आणि पोस्टासाठी जागा ज्याची त्याने दाखवायची. 1880 मध्ये मनिऑर्डर सुरू झाली तेव्हा मुंबईत गिरण्या वाढत होत्या आणि कोकणी चाकरमानी खोलीत दाटीवाटीने राहून, खानावळीत जेवून उरलेले पैसे गावी पाठवू लागला. परळला भरलेली रक्कम गावच्या पडवीत मोजून दिली जाई. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी थोडी जागा असे. पैसे घेणारीला लिहिता येत नसेल तर साक्षीदारासमोर तिचा अंगठा उठे आणि तीच पोच मुंबईला परत येई. गिरणी कामगाराला पैसे पोचल्याची खात्री देणारा कागद तोच. हाताशी रोकड मर्यादित असल्याने मोठ्या रकमांसाठी पोस्टमास्तरला वरच्या कार्यालयाकडे पैसे मागावे लागत. अशा वेळी घराची पत आणि गावाशी असलेली ओळख कामी येई.

या व्यवस्थेवरचा पहिला आक्षेप खरा आहे : घर, शिक्षण आणि दुसरे उत्पन्न या अटी गावातली सुस्थित घरेच पुरी करू शकत, आणि कोणाकडे किती पैसे येतात हे त्या एका घराला कळे. त्यावर उत्तर इतकेच की ही विषमता खात्याच्या काटकसरीतून आली. जागेचे भाडे आणि पुरा पगार दिला असता तर पद अधिक जणांना खुले झाले असते. दुसरा आक्षेप वारशाचा. कायद्याने हे पद कधीच वडिलोपार्जित नव्हते. 1977 मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाखा पोस्टमास्तरसारखे टपाल सेवक शासनाच्या नियंत्रणाखालील नागरी पद धारण करतात असा निर्णय दिला. म्हणजे त्यांना घटनेचे संरक्षण मिळाले आणि घराण्याच्या हक्काला आधार उरला नाही. तरीही पद घरात राही, कारण जागा घरची होती आणि काम शिकलेला माणूसही घरातच असे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांतला रोजगार ओसरला आणि मनिऑर्डरींचा मुख्य झरा आटला. पुढे बँका आणि मोबाइलने उरलेले काम नेले. तरी घरचे पोस्ट कालबाह्य झाले असे म्हणणे घाईचे होईल. 2018 मध्ये देशभर सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे शाखा डाकघराचा ग्रामीण डाक सेवक आधारशी जोडलेल्या खात्यातले पैसे दारात देतो. हे जुनेच काम आहे. आता निवड दहावीच्या गुणांवर होते, त्यामुळे पद घराण्याबाहेर गेले; हे योग्यच झाले. मात्र शाखा पोस्टमास्तरने पोस्टासाठी जागा स्वतः पुरवावी ही अपेक्षा अजून आहे. कुटुंबाचा हक्क संपवायचा असेल तर कुटुंबावरचा भारही संपवला पाहिजे : नव्या सेवकाला जागा आणि पूर्ण वेतन देणे ही शासनाची जबाबदारी आहे.