पाकीट कुठंय?

मराठी माणसाला मासिकाच्या मुखपृष्ठावर बाई लागते. आत कांद्याचे भाव असोत नाहीतर अध्यात्म असो. बाहेर दलालांची किंवा मुळगावकरांची बाई निरांजन घेऊन उभी राहिली, की दिवाळी आली म्हणून समजावं. या संस्कारात वाढलेल्या आमच्या सौभाग्यवतींच्या हाती मी रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या मासिकांचा गठ्ठा दिला. एका अंकावर कर्णा, दुसऱ्यावर फेटेवाला गवई, पुढच्या दोहोंवर नुसत्या गोल काळ्या तबकड्या.

"अहो, यात बाई कुठाय?" ती म्हणाली. "ही तर सगळी पोळपाटं!"

आता या पोळपाटामागे इतिहास आहे, हे तिला कोण सांगणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

रेकॉर्डला सुरुवातीला सजवलेलं कव्हर असं नव्हतंच. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेझबर्ग या साहेबानं कलकत्त्याला गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की बाई चक्क इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कोण गौहर आणि कोण जान, काय कळणार? कलकत्त्याला कारखाना निघाला तो १९०८ साली. तोवर गायकानं स्वतःच ओरडून सांगितलेलं नाव हेच मुखपृष्ठ!

मग आलं खाकी कागदाचं पाकीट, मधोमध गोल भोक असलेलं. त्या भोकातून लेबल दिसायचं, आणि ते लेबल म्हणजेच तबकडीचा चेहरा. त्यावर आधी पिसानं लिहिणारा देवदूत होता, पुढे तिथं कुत्रा आला. देवदूताची जागा कुत्र्यानं घ्यावी हा प्रकार नोकरीतही पाहिलाय म्हणा! फ्रान्सिस बॅरो या चित्रकारानं तो कुत्रा आधी दुसऱ्याच यंत्रासमोर बसवला होता. १८९९ साली कंपनीच्या सांगण्यावरून त्यानं जुनं यंत्र खोडून तिथं ग्रामोफोन रंगवला आणि एकूण शंभर पौंड घेतले. कुत्रा हलला नाही. लहानपणी माझी पक्की समजूत होती, की गातोय तो कुत्राच.

लेबलावर काय नसे? राग, नाव, क्रमांक. घरंदाज बाई गायली असेल तर नावापुढे 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी. हे पैशांसाठी चाललेलं नाही हो, अशी समाजाला दिलेली हमीच ती! आणि लेबलाच्या बाहेर, काळ्या भागात ठोकलेला मॅट्रिक्स नंबर. त्यावरून जाणकार मुद्रण कधीचं ते काढतात. आपल्याकडे पत्रिकेवरून काढतात तसं.

चित्राचं कव्हर आलं ते अमेरिकेत, १९४० साली. तेवीस वर्षांचा ॲलेक्स स्टाइनवाइस कोलंबिया कंपनीला म्हणाला, हे करडे गठ्ठे किती दिवस विकायचे? त्यानं नाटकगृहाच्या दिव्यांच्या पाटीवर गाण्यांचं नाव झळकवलं आणि कव्हरला रंग चढला. पुढे लाँगप्ले आली, तिचं पुठ्ठ्याचं जॅकेट आलं. आमच्या शास्त्रीय जॅकेटांचा मामला ठरलेला : डोळे मिटलेले, एक हात वर, मागे तंबोरा. सिनेमाच्या जॅकेटवर नायिका, म्हणजे पुन्हा बाई आलीच.

त्यामुळे संग्राहकांच्या मासिकांतही दोन जाती झाल्या. लंडनचं 'रेकॉर्ड कलेक्टर' १९८० साली बीटल्सच्या मासिकाच्या पोटातून बाहेर पडलं. लाँगप्लेवाल्यांच्या असल्या मासिकांवर तारे झळकतात. आपल्या मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' निघाली. सुरेश चांदवणकर त्यांतले एक. पुढच्या वर्षी 'द रेकॉर्ड न्यूज' सुरू झालं. ही मंडळी प्रामुख्यानं अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांची. जिला जॅकेटच नव्हतं, तिचा फोटो काढायचा तर लेबलाचाच काढणार ना?

हे ज्ञान मला फार उशिरा झालं. आमच्या अण्णांकडे अठ्ठ्याहत्तरच्या साठेक रेकॉर्डी होत्या. सगळ्यांत लाडकी बापूराव पलुस्करांची. बापूराव म्हणजे आमचं नाशिकचं माणूस, १९२१ साली इथं जन्मलेलं. १९५५ साली चौतिसाव्या वर्षी गेले, तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.

अण्णा गेल्यावर एका दिवाळीत मी माळा आवरला. रेकॉर्डी पुसल्या, नव्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातल्या आणि ती फाटकी, झुरळांनी कुरतडलेली खाकी पाकिटं रद्दीत दिली. जिथं नोटा आणि तिकिटं छापतात त्या गावच्या माणसानं छापील कागद वजनावर विकला!

पुढे एक संग्राहक गृहस्थ घरी आले. रेकॉर्ड त्यांनी दोन्ही तळव्यांच्या कडांवर धरली, नंबर वाचला, खूश झाले. मग म्हणाले, "साहेब, पाकीट कुठंय?"

मी सांगितलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, "रेकॉर्ड दुसरी मिळते हो. पाकिटावर दुकानाचा शिक्का असतो, घेणाऱ्याचा हात असतो."

त्या रात्री मी घर उलथंपालथं केलं. शेवटी पेटीच्या खोक्याच्या तळाशी अंथरलेलं एक पाकीट सापडलं. भोक, भोकाभोवती कुत्र्यांची रांग, मेनरोडच्या एका दुकानाचा पुसट जांभळा शिक्का. कोपऱ्यात अण्णांच्या बारीक अक्षरात तारीख आणि खाली : 'पलुस्कर. इंदूस आवडली नाही. पुन्हा ऐकवणे.'

इंदू म्हणजे आमची आई. तीच रेकॉर्ड लावून जन्मभर पोळ्या लाटताना आम्ही जिला पाहिलं, ती.

गृहस्थांना बातमी गेली. ते धावत आले. एका अंकाच्या मुखपृष्ठावर घालतो म्हणाले. सौभाग्यवतींनी पाकीट चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचलं.

"आता आहे बाई," ती म्हणाली.

फोटो काढायला मी त्यांना अर्धा तास दिला, चहाही दिला. पाकीट दिलं नाही.